पोळी, नाडी आणि पाच मिनिटांची वही

शाळेतून चिठ्ठी येते: ‘अक्षर खराब आहे, वर्गात लिहून होत नाही, ओटीला दाखवा.’ ओटी म्हटलं की आजीला खणानारळाची ओटी आठवते आणि मामाला ऑपरेशन थिएटर. ही तिसरी ओटी, ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी कागदावर तिचं नाव व्यवसायोपचार. त्या नावाने गोंधळ वाढतोच, कारण सात वर्षांच्या पोराचा कसला आलाय व्यवसाय! पण इथे व्यवसाय म्हणजे माणसाला दिवसभर जे जे करावं लागतं ते सगळं: दात घासणं, आंघोळ, जेवण, चड्डीची नाडी, दप्तर भरणं, बाकावर बसणं, लिहिणं, पकडापकडी खेळणं, रात्री झोपी जाणं. आपल्याकडे याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते उभं केलं कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन होत्या. आज सायन, नायर आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिकवलं जातं.

चिठ्ठीत अक्षर असलं तरी चांगलं मूल्यमापन अक्षरापासून सुरू होत नाही. ते कालच्या दिवसापासून सुरू होतं. काल सकाळी किती वाजता उठला? स्वतः उठला की उठवावं लागलं? ब्रशवर पेस्ट कोणी लावली? शर्टाची बटणं कोणी लावली? डबा पूर्ण खाल्ला की अर्धा परत आला? अर्धा आला तर काय उरलं होतं, भात की पोळी? या प्रश्नांना पाऊण तास सहज जातो. पालकांना वाटतं, हे काय चाललंय, तपासणी कधी सुरू होणार? तपासणी सुरूच असते.

पहिल्या भेटीला येताना सोबत काय आणायचं ते आधीच सांगितलेलं बरं. वह्या आणा, पण बाईंना दाखवायची कव्हर घातलेली वही नको. रफ वही आणि जिची शेवटची पानं अर्धवट राहिली आहेत ती वर्गपाठाची वही आणा. रोजचं दप्तर आहे तसं आणा, न आवरता. लेसचे बूट, रोजची पेन्सिल, चष्मा असेल तर चष्मा. डोळे आणि कान तपासलेले नसतील तर ते आधी. फळ्यावरचं दिसत नसलेल्या मुलाला महिनाभर बोटांचे व्यायाम दिल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत.

काही गोष्टी दिसल्या तर ओटी बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ गाठायचा. येत असलेलं काम जाऊ लागलं, म्हणजे बोलत होता तो बोलेनासा झाला, जिना चढत होता तो चढेनासा झाला. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत ठेवतं. आणि खास करून चार-सहा वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो, पोटऱ्या फुगीर दिसतात, पळताना मागे पडतो. हा ‘आळशी’ नाही. स्नायूंच्या आजाराची शंका धरून रक्तातलं सीपीके (स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एक विकर) तपासायला हवं, आणि ते लवकर.

आता पोळी. परदेशी प्रश्नावल्यांत विचारतात की मूल सुरी-काटा वापरतं का. आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य. आपली खरी परीक्षा म्हणजे एका हाताने पोळीचा तुकडा तोडणं, कारण डावा हात उष्टा करायचा नसतो. नीट बघा, या एका कामात हात दोन भागांत वाटला जातो. करंगळी, अनामिका आणि बहुतेकांचं मधलं बोट पोळीला ताटाशी दाबून धरतं. अंगठा आणि तर्जनी कड चिमटीत धरून बाहेरच्या बाजूला वळवतात. अर्धा हात थांबतो, अर्धा हात चालतो. पेन्सिल धरताना हेच: करंगळीकडची बाजू कागदावर टेकलेली, अंगठ्याकडची तीन बोटं हलणारी. म्हणून ज्याला अक्षरासाठी पाठवलंय त्याला आम्ही आधी जेवताना बघतो.

बिघडतं ते असं. चिमूट धरली की अख्खी पोळी वर येते, म्हणजे दाबणारी बाजू कामाला लागलेली नाही. किंवा तुकडा मनगटाने नाही, तर खांद्यापासून ओढला जातो आणि भाजीची वाटी कलंडते. किंवा मूल दोन्ही हात वापरतं आणि आजीचं बोलणं खातं. किंवा ताटच सरकतं, त्यात मुलाचा काही दोष नसतो. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की निम्मा प्रश्न सुटतो.

शिकवायचं तर पोळीपासून सुरू करू नका, ज्वारीच्या ताज्या भाकरीपासून करा. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून पोळी ताणली जाते आणि मगच तुटते. ज्वारीत ते नसतं, भाकरी नुसत्या दाबाने मोडते. भाकरी जमली की गरम मऊ फुलका, मग घडीची पोळी, आणि सगळ्यात शेवटी डब्यातली चार तासांची गार पोळी. ती मोठ्यांनाही ओढावी लागते. घास तोडणंही उलटीकडून शिकवायचं: तुकडा तीन-चतुर्थांश आपण तोडून ठेवायचा, शेवटचा हिसका मुलाने द्यायचा. तीन-चार दिवसांनी अर्धा तोडून ठेवायचा. मग नुसती कड फाडून द्यायची. मग तीही नाही. शेवटची पायरी मुलाच्या हाती असली की प्रत्येक घास ‘मी तोडला’ असा होतो. पहिली पायरी त्याच्या हाती दिली तर प्रत्येक घास अर्धवट राहून आईकडे जातो. पहिले दोन-तीनच घास असे, उरलेलं जेवण नेहमीसारखं. भुकेल्या पोटी शाळा घेऊ नये.

पण पोळी तोडता येत नाही म्हणजे लगेच दोष आहे असंही नाही. आपल्या घरांत आठ वर्षांच्या मुलाला भरवणं हे प्रेम समजलं जातं. ‘येत नाही’ आणि ‘कधी करू दिलं नाही’ यांतला फरक पहिल्या भेटीत कळत नाही. तो कळायचा उपाय साधा आहे: आठ-दहा दिवस, रोज पाच मिनिटं, वर सांगितलं तसं शिकवा. या दिवसांत बऱ्यापैकी जमलं तर संधीचा प्रश्न होता. दहा दिवस मन लावून शिकवूनही हात तिथेच अडतो, आणि बटण, चेंडू, कात्री, सायकल सगळीकडे हीच गत आहे, तर पुढची मोजमापं करण्यात अर्थ आहे. आणि एक बजावून सांगायला हवं: पोळी तोडायला शिकल्याने अक्षर सुधारत नाही. पोळीत हाताची अडचण दिसते, एवढंच. अक्षर लिहिण्यानेच सुधारतं. ज्या कामात अडचण तेच काम, जिथे करायचं तिथेच, सोपं करून शिकवायचं. हातात लगदा देऊन तो महिनाभर मळायला लावणं आणि वहीत फरक पडेल अशी वाट बघणं हा पालकांच्या पैशांचा अपव्यय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोजमापांबद्दल थोडक्यात. हालचालींसाठी बीओटी-२ ही चाचणी ४ ते २१ वर्षांपर्यंत चालते, मूव्हमेंट एबीसी-२ ही ३ ते १६. आकृत्या बघून काढण्यासाठी बीरी व्हीएमआय. ५ ते १५ वयासाठी पालकांनी भरायची १५ प्रश्नांची डीसीडीक्यू ही प्रश्नावली. अहवालात ‘५ पर्सेंटाइल’ असं लिहिलेलं वाचून घरी रडारड होते, कारण ते पाच टक्के गुण वाटतात. तसं नाही. त्याच वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली तर साधारण पाच जण या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे असतील, असा त्याचा अर्थ. मूव्हमेंट एबीसीत ५ आणि त्याखाली लाल, ६ ते १५ पिवळा, त्यावर हिरवा. मात्र ती शंभर मुलं बाहेरच्या देशातली आहेत. चाचणीतली बीन बॅग (बिया भरलेली लहान पिशवी) झेलायची सवय नसलेलं आपलं पोर तिथे मागे पडतं आणि गोट्या-लगोरीत वस्ताद निघतं. म्हणून आकडा हा पुराव्यांपैकी एक, निकाल नव्हे. हालचालींच्या समन्वयाचा विकार, ज्याला डीसीडी किंवा डिस्प्रॅक्सिया म्हणतात, तो शाळकरी वयात ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो असं मानलं जातं. पण तो ठरवायला रोजच्या जगण्यात अडचण असणं ही अट आहे. नुसत्या कमी आकड्यावर शिक्का मारता येत नाही, आणि पाच वर्षांच्या आत तर सहसा मारतच नाहीत.

लिहिण्यासाठी डीएएसएच नावाची चाचणी आहे, ९ ते १६ वयासाठी, पण ती इंग्रजी लिपीची. देवनागरीला तिचे आकडे लावणं म्हणजे किलोच्या तराजूत कापड मोजणं. त्यातली रीत मात्र उसनी घेता येते, आणि ती शाळेत कुणालाही करता येईल इतकी सोपी आहे.

मुलाच्याच पुस्तकातला, शिकवून झालेला एक उतारा घ्या. रोजची पेन्सिल, रोजचा बाक. ‘नेहमी लिहितोस तसं लिही’ एवढंच सांगा आणि पाच मिनिटं बघून लिहू द्या. प्रत्येक मिनिटाला तो जिथे असेल तिथे आपण वहीत तिरकी रेघ मारायची. नंतर अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा वेगळे धरायचे नाहीत. नियम कुठलाही चालेल, फक्त पुढच्या वेळी तोच ठेवा. वर्गातल्या मध्यम गतीच्या दोन-तीन मुलांकडून हेच करून घ्या. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीशी तुलना करून काही हाती लागत नाही. आपलं मूल त्यांच्या निम्म्यावर असेल तर ‘लक्ष देत नाही’ हे स्पष्टीकरण पुरेसं नाही.

मग त्या तिरक्या रेघांकडे बघा. पहिल्या दोन मिनिटांत बरोबरीने आणि तिसऱ्यापासून घसरगुंडी असेल तर हात दमतोय: दाब जास्त, बैठक वाईट, पेन्सिल आवळलेली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच संथ असेल तर अक्षरांची वळणं अजून हातात बसलेली नाहीत, प्रत्येक अक्षर तो आठवून काढतोय. एका ओळीत मान किती वेळा वर गेली तेही मोजा. शब्दागणिक एकदा ठीक. अक्षरागणिक वर जात असेल तर वाचन कच्चं, नजर कमी किंवा बघितलेलं डोक्यात टिकत नाही. मग त्याच मुलाला श्रुतलेखन द्या, आणि नंतर ‘सुट्टीत काय केलंस’ यावर पाच मिनिटं मनाने लिहायला सांगा. बघून लिहिणं बरं आणि श्रुतलेखनात कोसळतोय तर गाडी शुद्धलेखनाशी अडली आहे. तिथे विशेष शिक्षिका हवी, ओटी नव्हे. शेवटी मिनिटभर गोलांत फुल्या मारायला द्या. तेही संथ असेल तर हाताचाच प्रश्न.

देवनागरीचे स्वतःचे काही खोडे आहेत आणि ते इंग्रजी पुस्तकं वाचून आलेल्या थेरपिस्टच्या लक्षात येत नाहीत. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लोंबकळतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. इंग्रजी माध्यमातलं मूल एका तासाला बसणारी अक्षरं लिहितं, पुढच्या तासाला लोंबणारी. चाररेघी वहीची सवय झालेला हात मराठीच्या एकेरी वहीत अक्षर खालच्या रेघेवर टेकवतो आणि मग वर शिरोरेखेला जागा उरत नाही, उकार पुढच्या ओळीत घुसतात. अशा मुलाला काही आठवडे मराठीसाठी दुरेघी द्या आणि वरची रेघ रंगीत पेनाने गिरवून द्या: ‘ही दांडी, अक्षरं हिच्यावर वाळत घालायची.’

दुसरा खोडा ऱ्हस्व वेलांटीचा. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो, लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते. गोंधळलेलं मूल आधी क लिहितं आणि मग मागे वळून वेलांटी कोंबतं. वहीत ते गिचमिड अक्षर म्हणून दिसतं, असतं ते क्रमाचं दुखणं. रफाराचंही तेच: ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य च्या आधी, बसतो य च्या डोक्यावर. वाईट दिसणारे शब्द वेगळे काढून बघा; निम्म्यांत वेलांटी, रफार किंवा जोडाक्षर सापडलं तर हाताला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि शिरोरेखा. प्रत्येक अक्षरावर वेगळी टोपी घालणारं मूल दर अक्षराला हात उचलतं, त्यात शब्दांमधलं अंतरही हरवतं. तिसरीपासून पुढे शब्द पूर्ण लिहून वरून एकच रेघ मारायची सवय लावावी. पहिली-दुसरीत छापील वरची रेघच शिरोरेखा समजून लिहू द्यावं. गतीचा प्रश्न फार असेल तर वर्गातल्या टिपणापुरती रेघ सोडायला शाळेने हरकत घेऊ नये. मोठी माणसं घाईत तेच करतात.

पेन्सिल धरण्यावरून मुलांचा जो छळ होतो तो बहुतेकदा विनाकारण. तीन बोटांची पकड, चार बोटांची, अंगठा आडवा पडलेली तीन बोटांची आणि तशीच चार बोटांची, या चारही पकडींत चांगलं अक्षर आणि चांगली गती मिळते. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं असेल आणि हात दुखत नसेल तर पकडीला हात लावू नका. दाबाकडे बघा. पानाच्या मागून बोट फिरवलं तर उठाव लागतो का, लिहिताना तर्जनीचं टोक पांढरं पडतं का? यावर एक जुना कार्बन पेपर फार कामाचा. पानाखाली कार्बन आणि त्याखाली कोरा कागद ठेवायचा, आणि खालच्या कागदावर काहीच उमटू नये असं लिहायचं. ‘भुताचं अक्षर’ म्हटलं की मुलं तासभर करतील. तीन ओळी पुरेत. सोबत एचबीऐवजी टूबी पेन्सिल. ती मऊ असते, कमी दाबात काळं उमटतं.

बैठक घरच्या सामानात सुधारते. पाय लटकत असतील तर खाली पाट, पाट नसेल तर रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा. टेबल वाकवलेल्या कोपरापेक्षा ३ ते ५ सेंटिमीटर वर. कागद उजवखोऱ्याला थोडा डावीकडे कललेला, डावखोऱ्याला उजवीकडे आणि जरा जास्त. डावखोऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याशी कोपरांची मारामारी ठरलेली; पेन्सिलही त्याला टोकापासून तीन-चार सेंटिमीटर वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि पुसलं जात नाही. पेढीवर मुनीमजी उतरत्या डेस्कवर लिहायचे ते उगाच नाही: उतरण असली की मनगट आपोआप योग्य कोनात येतं आणि मान वाकत नाही. जाड बॉक्स फाइल आडवी ठेवली, चिमट्याने कागद लावला की झालं मुनीमजींचं डेस्क.

सराव किती? आजवरचे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांना असं दिसलं की ज्या उपायांत प्रत्यक्ष लिहिणं नव्हतं त्यांनी अक्षर सुधारलं नाही, आणि ज्यांत होतं त्यांतही साधारण वीस बैठकांच्या खाली फारसा फरक पडला नाही. म्हणजे पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, पाच आठवडे. एका बैठकीत एकच वळणकुळ, म्हणजे सारख्या वळणाच्या अक्षरांचा गट: पहिल्या आठवड्यात ग म भ न, दुसऱ्या आठवड्यात व ब क, मग प ष फ, मग ट ठ ढ द, शेवटी र स ख. मोठ्याने बोलत एक अक्षर काढून दाखवायचं, मुलाने पाच काढायची आणि त्यांतलं सगळ्यात चांगलं स्वतः गोल करायचं. गोल आपण करायचा नाही. मग त्या अक्षरांचे तीन शब्द, मग एक मनाचं वाक्य, आणि वही बंद. ‘दहा पानं लिहून काढ’ ही शिक्षा उलटते, कारण तिसऱ्या पानापासून हात दमतो आणि उरलेली सात पानं चुकीच्या वळणाचा सराव होतो.

नाडी. शाळेच्या स्वच्छतागृहात चड्डी ओली होणाऱ्या मुलांपैकी काहींचं मूत्राशय अगदी ठणठणीत असतं. त्यांनी सुरगाठ मारायला जाऊन निरगाठ मारलेली असते. शाळेत वेळ गाठायची असेल तर इलॅस्टिक लावा, त्यात कमीपणा नाही. घरी शिकवायची तर दोन रंगांची सुती नाडी घ्या, सॅटिनची निसटते. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला हात धरून शिकवण्यापेक्षा त्याच्याकडूनच शोधून घ्यावं. हेलीन पोलाटायको आणि अँजेला मँडिच या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी कॅनडात मांडलेली पद्धत हेच करते: काय करायचंय, बेत काय, कर, तपास. समजा मुलाने नाडी दुमडून कान केला, दुसरी नाडी गुंडाळली, आणि गाठ सुटली. आपण उत्तर द्यायचं नाही. ‘कुठल्या रंगाची निसटली?’ मूल बघतं: लाल. ‘कधी?’ अंगठा काढला तेव्हा. ‘मग बेतात काय बदलायचं?’ बहुतेक मुलं एक तर कान लहान करतात किंवा अंगठा शेवटपर्यंत ठेवतात. आणि गाठीची निरगाठ का होते तेही त्यांनाच सापडतं: भोकातून नाडीचा कान ढकलायचा असतो, ते टोकापर्यंत अख्खी नाडी ओढून घेतात. स्वतः सापडलेली युक्ती बुटाच्या लेसलाही लागू होते, सांगितलेली नाडीपुरतीच राहते.

संवेदनांचं प्रस्थ सध्या फार आहे. काही मुलांना मिक्सर, ढोलताशा, फटाके, नखं कापणं, शर्टाच्या मागचं लेबल, भातात वरण कालवताना बोटांना लागणारा लिबलिबीतपणा खरोखर सोसत नाही. ऑटिझमच्या निकषांत २०१३ पासून याचा समावेश आहे. पण ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच सांगितलं आहे. वजनदार जाकीट आणि अंगावरून ब्रश फिरवणं यांमागचा पुरावा तोकडा आहे. झोपाळे, बॉल पूल मुलांना आवडतात, आवडूही देत. पण तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारा: घरी कुठलं काम सोपं झालं? मिरवणुकीच्या दिवशी कान झाकणारं हेडफोन आणि ‘पाच मिनिटांनी ढोल वाजणार’ ही पूर्वसूचना, आंघोळीनंतर नखं मऊ असताना ती कापणं, लेबल उसवणं, कालवायला चमचा देणं. स्वस्त उपाय, पण त्याच दिवशी फरक दिसतो.

बारा-तेरा वर्षांच्या पुढे सगळं बदलतं, आणि इथे पालकांना खोलीबाहेर बसवावं लागतं. आईला अक्षर हवं असतं, मुलीला पॅड बदलताना शाळेत लागणारी वीस मिनिटं कमी व्हायला हवी असतात. मुलाला दाढी करायची असते, एकट्याने बसने क्लासला जायचं असतं. ध्येय त्यांचं घ्या. प्रवास शिकवताना आधी सोबत, मग एक सीट मागे, मग पुढच्या थांब्यावर वाट बघत, मग फोनवर. कुकर लावणं, गजर लावून उठणं, दप्तर रात्री भरणं, पैसे मोजून परत घेणं हे सगळं ओटीच्या कामात येतं.

या वयात अक्षरावर आणखी वर्ष घालवायचं की दुसरी वाट धरायची, हा निर्णय आठवीत घ्यावा. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी) टंकलेखन शिकायला काही महिने लागतात. बोलून टाइप करण्याची सोय आता बऱ्यापैकी चालते, पण विरामचिन्हं आणि परिच्छेद स्वतः सांगावे लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आणि डिस्प्रॅक्सिया दोन्ही आहेत. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्राची धावपळ आठवीत सुरू करा, दहावीच्या दिवाळीनंतर नको. आणि लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नाही. मनातलं उत्तर दुसऱ्याला लिहून घेता येईल अशा तुकड्यांत सांगणं, आकृतीचं वर्णन करणं, लिहिलेलं परत वाचून घेणं, हे वेगळं कौशल्य आहे. नववीत घटक चाचण्यांना घरच्या कुणाला तरी बसवून ते करून बघा, पहिल्या वेळी अर्धा पेपर राहतोच.

अहवाल हातात पडला की त्यात ‘सूक्ष्म कारक कौशल्ये सुधारणे’ असलं काही असेल तर परत करा. असं हवं: ‘सहा आठवड्यांत शाळेच्या डब्यातली गार पोळी एका हाताने तोडून खाईल, पाचपैकी चार दिवस.’ सोबत वर्गशिक्षिकेसाठी वेगळी अर्ध्या पानाची चिठ्ठी, कारण बारा पानी अहवाल कुणी वाचत नाही: डाव्या टोकाला बसवा, पायाखाली पाट आहे तो काढू नका, फळ्यावरचं लिहून घेण्याऐवजी छापील द्या, उत्तराच्या लांबीवर गुण कापू नका. थेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे आहे का ते विचारा; विचारण्यात गैर काही नाही. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते पाहा. २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तपासतात.

पाच आठवडे झाले की पुन्हा तीच पाच मिनिटं. तोच उतारा चालणार नाही, पाठ झालेला असतो. तेवढाच अवघड दुसरा घ्या. पेन्सिल तीच, बाक तोच, वेळही तीच: पहिल्यांदा सकाळी मोजलं असेल तर आता शाळा सुटल्यावर मोजू नका. तिरक्या रेघा मारा, मोजा, आणि जुन्या पानाशेजारी नवं पान ठेवून आधी मुलालाच विचारा, कुठलं वाचायला सोपं आहे?